रॅम्पवर बोलावलंत, पण मानधनाचं काय? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात शेवटी थोडी जागा उरली म्हणून मी ट्रेसी नॉर्मनबद्दल आठ-दहा ओळी टाकल्या होत्या, अमेरिकेतली कृष्णवर्णीय ट्रान्स मॉडेल (ट्रान्स बाई म्हणजे जन्माला आल्यावर मुलगा समजलेली, पण स्वतः बाई म्हणून जगणारी), जिचा फोटो केसांच्या रंगाच्या खोक्यावर होता आणि ती ट्रान्स आहे हे कळल्यावर जिचं काम बंद पडलं. मला वाटलं कोण वाचतंय शेवटचं पान. तर ब्लाऊजचे गळे, साडीचा फॉल, अस्तराचा कपडा हे नेहमीचे प्रश्न राहिले बाजूला आणि महिनाभर ह्याच विषयावर मेसेज येतायत, काही चांगले, काही शिव्या घातलेले, एका काकांनी तर तीन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवलीय. म्हणून ह्यावेळचं सगळं सदर ह्यालाच दिलंय. नावं कुणाचीच छापत नाही, गाव तेवढं देते.

सांगली, फॅशन डिझाइनची विद्यार्थिनी: ताई, मी शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला मी फॅशनमधल्या कृष्णवर्णीय ट्रान्स बायका हा विषय मागितला तर सर म्हणाले हे अमेरिकेचं आहे, सांगलीत बसून त्याचं काय करणार, त्यापेक्षा पैठणी घे. दुसरं म्हणजे नुसतं ट्रान्स मॉडेल म्हटलं तर चालत नाही का, कृष्णवर्णीय वेगळं कशाला सांगायचं? आणि लिहिताना नक्की कुठला शब्द वापरू?

अगं पैठणीवर तुझ्या आधी शंभर पोरींनी प्रोजेक्ट केलेत, सगळ्यांचा मोर तोच. तू तुझाच विषय घे.

आधी शब्दांचं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक स्वतःला ब्लॅक म्हणतात, आपल्या लिखाणात कृष्णवर्णीय चालतं, ब्लॅक लिहिलंस तरी चालेल, पण जुन्या मराठी पुस्तकांत तो 'नि'वरून सुरू होणारा शब्द असतो तो उचलू नकोस. ट्रान्स स्त्री, ट्रान्स बाई, पारलिंगी स्त्री हे सगळे शब्द आता रुळलेत. हिजडा, जोगता हे शब्द वाईट नाहीत, पण ते त्या त्या परंपरेचे आहेत, प्रत्येक ट्रान्स बाई त्या परंपरेतली नसते. न्यूयॉर्कच्या मॉडेलला जोगतीण लिहिलंस तर सर मार्क कापतील आणि बरोबर कापतील.

आता कृष्णवर्णीय वेगळं का सांगायचं ते. ट्रेसीचंच घे. न्यूअर्क शहरातली पोर. १९७५ च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये मॉडेल मुलींचा एक घोळका दिसला, ही गपचूप त्यांच्या मागं मागं गेली आणि थेट आयर्व्हिंग पेनसारख्या मोठ्या फोटोग्राफरच्या समोर जाऊन उभी राहिली, इटालियन व्होग ह्या फॅशन मासिकासाठी मॉडेल निवडणं चालू होतं. काम मिळालं. तेव्हा कृष्णवर्णीय मॉडेलला आधीच किती कमी जागा होत्या, त्यातली एक हिनं धरली. मग क्लेरॉल कंपनीनं तिचा फोटो 'बॉर्न ब्युटिफुल' नावाच्या हेअर कलरच्या खोक्यावर घातला. ती ट्रान्स आहे हे कुणाला माहीत नव्हतं आणि सांगायची सोयही नव्हती. १९८० च्या सुमाराला एका मासिकाचं शूट चालू असताना तिच्याच मोहल्ल्यातल्या ओळखीच्या कुणीतरी सेटवर कुजबूज केली. ते फोटो छापलेच नाहीत. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये कामं आटली, पॅरिसला बॅलेन्सियागा ह्या मोठ्या फॅशन कंपनीच्या शोरूममध्ये काही महिने काम केलं, परत आली, तेच, दारं बंद.

आता बघ, गोरी ट्रान्स बाई असती तर तिला ट्रान्स म्हणून धक्का बसला असता, कृष्णवर्णीय पण ट्रान्स नसलेली असती तर रंगाचा धक्का बसला असता. ट्रेसीला दोन्ही बाजूंनी, आणि दोन्हीकडचे म्हणणार की ही आमच्यातली नाही. म्हणून दोन्ही शब्द एकत्र लागतात. अमेरिकेत दरवर्षी जेवढ्या ट्रान्स लोकांचे खून होतात त्यात कृष्णवर्णीय ट्रान्स बायकाच सगळ्यात जास्त असतात, तिथंही हे दोन्ही शब्द एकत्रच आहेत. १४ जून २०२० ला ब्रुकलिनमध्ये ह्यांच्यासाठी हजारो लोक पांढरे कपडे घालून रस्त्यावर आले होते, करोना चालू असताना. पांढरंच का, तर १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीयांनी एक मूक मोर्चा काढला होता, त्यात बायका-मुलं पांढऱ्या कपड्यांत चालली होती, त्याची आठवण. फॅशनवाल्या पोरीनं हे बघायलाच पाहिजे, कपड्याचा रंग म्हणजे नुसता सीझनचा ट्रेंड नसतो.

ट्रेसीचं पुढं सांगायचं राहिलं. २०१५ ला एका मासिकानं तिला शोधून काढून तिच्यावर लेख केला आणि २०१६ ला क्लेरॉलनं तिला परत जाहिरातीत घेतलं. पस्तीसेक वर्षांनी. मला आनंद व्हायला पाहिजे ना, झालाही, पण माझ्यातली हिशोब लिहिणारी बाई म्हणते मधल्या पस्तीस वर्षांचं काय? ते कुठल्या जाहिरातीनं भरून निघणार?

आता सरांना सांगायचा मुद्दा, हा पाठच कर. ट्रेसी नॉर्मन आणि दुसरी ट्रान्स मॉडेल जीना रोसेरो ह्या दोघी २०१६ ला हार्पर्स बझारच्या कव्हरवर आल्या, ह्या मासिकाच्या कुठल्याही आवृत्तीच्या कव्हरवर उघडपणे ट्रान्स असलेल्या बायका येण्याची ती पहिली वेळ आणि ती आवृत्ती होती भारताची. पुढच्या वर्षी, २०१७ ला, लेना ब्लूम ही ट्रान्स मॉडेल व्होग इंडियात आली, शिकागोची पोर, बाप कृष्णवर्णीय, आई फिलिपिन्सची. तीच लेना २०२१ ला स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड ह्या अमेरिकन मासिकाच्या स्विमसूट अंकाच्या कव्हरवर गेली. म्हणजे अमेरिकेचा विषय म्हणून जो बाजूला सारतायत त्याची पानं छापली आपल्याकडं. सरांना विचार, मग हे कुणाचं? (नम्रपणे विचार हां, इंटर्नल मार्क त्यांच्याच हातात आहेत.)

आणि सांगलीत बसून म्हणतायत ना, तर सांगलीतच बसून करायचा विषय आहे हा. आपल्या पलूसजवळचं नागठाणे हे बालगंधर्वांचं गाव. १९०५ ला मिरजेत ते शकुंतला म्हणून उभे राहिले आणि पुढं पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका त्यांच्यासारखं पातळ नेसायला, तसा अंबाडा घालायला लागल्या. ते नट होते, भूमिका करत होते, ट्रान्स नव्हते, ही गल्लत प्रोजेक्टमध्ये करू नकोस. पण पुरुष म्हणून जन्मलेल्या माणसानं ठरवलेली बायकांची फॅशन आपल्या आज्यांनी कौतुकानं नेसलीय, आणि आज एखादी ट्रान्स बाई साडी घेऊन दुकानात आली की त्याच घरातल्या लोकांच्या भुवया वर. हे मला कायम चमत्कारिक वाटत आलंय.

शेवटचं, नुसतं गुगल करून लिहू नकोस. सांगलीत देहविक्री करणाऱ्यांच्या हक्कांसाठी काम करणारी संग्राम संस्था १९९२ पासून आहे, त्यांच्याबरोबर मुस्कान नावाचा गट आहे, त्यात तृतीयपंथी लोक स्वतःच काम बघतात. आधी विचार, वेळ घे, मग जा. आणि जाताना कॅमेरा काढून उभी राहू नकोस, पहिल्या दिवशी नुसता चहा पी.

मिरज, बुटीक चालवणारी: ताई, माझ्याकडं गेल्या महिन्यात एक ट्रान्स बाई ब्लाऊज शिवायला आल्या. माझा मास्टर माप घ्यायला तयार नाही, मशीनवरच्या दोघी पोरी हसायला लागल्या, एक गिऱ्हाईक उठून गेलं. मी कसंबसं अंदाजे माप घेतलं आणि ब्लाऊज बिघडला, मुंढ्यात काचतोय, पुढं चुण्या. त्या काही न बोलता पैसे देऊन गेल्या, त्याचंच मला जास्त वाईट वाटतंय. मला हे नीट करायचंय, कसं करू?

वाईट वाटलं म्हणजे तू निम्मं काम केलंस. पैसे परत दे, किंवा नवा ब्लाऊज शिवून दे, फोन कर आणि सांग माझी चूक झाली. उगाच फार मोठं भाषण नको, ब्लाऊज बिघडला हीच चूक धर, ती खरी पण आहे.

आता मापाचं, माझा आवडता विषय. आपण सगळ्या छातीच्या मापावरून बाकीचं काढायला शिकलोय, छाती छत्तीस म्हणजे खांदा एवढा, मुंढा एवढा, डोळे झाकून. ट्रान्स बाईच्या अंगाला ते गणित बऱ्याचदा बसत नाही. खांदा आणि पाठ रुंद असू शकते आणि छाती त्या मानानं कमी, मग छातीवरून काढलेला मुंढा काचणारच आणि पुढं चुण्या पडणारच, तुझं तेच झालंय. खांदा, पाठीची रुंदी, मुंढ्याचा घेर आणि दंड ही चार मापं वेगळी, टेप लावून घे, तक्त्यावरून काढू नकोस. बाही फुग्याची करू नकोस, खांदा अजून रुंद दिसतो, सरळ किंवा कोपरापर्यंतची बाही छान बसते. गळा थोडा खोल आणि उभा, बोट नेक टाळ. टक्सपेक्षा प्रिन्सेस कट सोपा जातो कारण शिलाईत पुढं-मागं करता येतं. त्यांना विचार की ब्लाऊजखाली जी ब्रा घालणार तीच घालून माप द्याल का, कप आत शिवून पाहिजेत का. आणि बाजूला दीड इंच मार्जिन ठेव, काही जणी हार्मोन घेत असतात, वर्षभरात अंगाचं माप बदलतं, तोच ब्लाऊज उसवून सैल करता यावा. हे ऑपरेशन झालंय का, हार्मोन घेता का असलं काही न विचारता होतं. आपण कुठल्या गिऱ्हाइकाला तुमचं सिझर झालं का नॉर्मल असं विचारून पेटीकोट शिवतो का?

मास्टरचं. त्याला भीती वाटतेय की तिरस्कार आहे ते आधी बघ. भीती असेल तर पहिल्यांदा तू माप घे, त्याला शेजारी उभं करून आकडे लिहून घ्यायला लाव, दुसऱ्या वेळेला तो आपोआप टेप उचलेल, माझ्या क्लासमध्ये असंच झालं होतं. त्या बाईंना बाईनंच माप घ्यावं असं वाटत असेल तर तेही विचार, तो त्यांचा हक्क आहे, इतर गिऱ्हाइकांसारखाच. तिरस्कार असेल तर सरळ सांग, दुकान माझंय.

हसणाऱ्या पोरींना त्याच वेळी तिथंच गप्प करायला पाहिजे होतं, आता नंतर बोल. उठून गेलेल्या गिऱ्हाइकाला फोन करायची गरज नाही, ती लग्नसराईत परत येते बघ, मिरजेत चांगली कटोरी शिवणाऱ्या आहेतच किती.

आणि एक बारकी गोष्ट, पावतीवर त्या सांगतील ते नाव लिही आणि ब्लाऊज तयार झाला की त्याच नावानं हाक मार. माझ्याकडं एकजण नुसती त्या पावतीसाठी परत परत येते, शिलाई काय कुठंही होते म्हणते.

सातारा, एका मंडळाचे कार्यकर्ते: नमस्कार ताई. नवरात्रात आम्ही नऊ रंगांचा फॅशन शो ठेवलाय. विविधता दाखवावी म्हणून एका तृतीयपंथी ताईंना शोस्टॉपर, म्हणजे शेवटी रॅम्पवर येणारी मुख्य पाहुणी, म्हणून बोलवायचं ठरलंय. मानधन देता येणार नाही, पण शाल-श्रीफळ, ट्रॉफी आणि पेपरला फोटो येईल. समाजकार्यच आहे. तुमचं मत?

दादा, डीजे किती घेतोय? मेकअपवाली? स्टेजवाला? ते सगळे समाजकार्य करतायत का?

रागावू नका, पण ज्या एका माणसामुळं तुमचा शो वेगळा दिसणार तिलाच तेवढं फुकट, हे मला पटत नाही. त्या ताईंचा तो दिवस बुडणार, येण्याजाण्याचं भाडं जाणार, आणि नारळ घेऊन वाण्याकडं गेलं तर तो आठवड्याचं किराणा देत नाही. मानधन ठरवा, आधी ठरवा, निम्मं आगाऊ द्या. मग बाकीचं विचारा: कपडे बदलायला वेगळी खोली आहे का, बाथरूम कुठलं वापरायचं हे ठरलंय का, रात्री शो संपल्यावर घरी सोडायला कोण जाणार, पेपरला फोटो आलेला त्यांना चालणार आहे का. घरी, भाड्याच्या खोलीच्या मालकाला माहीत नसेल तर तुमच्या त्या एका फोटोनं खोली जाते, ट्रेसीचं काम जसं एका कुजबुजीनं गेलं.

मोठ्या कंपन्यांचंही हेच चाललेलं असतं म्हणून तुम्हाला एकट्याला बोल लावत नाही. मनरो बर्गडॉर्फ नावाची ब्रिटिश कृष्णवर्णीय ट्रान्स मॉडेल आहे. २०१७ ला लॉरियालनं तिला ब्रिटनमध्ये जाहिरातीत घेतलं, कंपनीची तिथली पहिली ट्रान्स मॉडेल म्हणून गाजावाजा झाला, आणि काही दिवसांतच काढलं, कारण तिनं गोऱ्यांच्या वंशवादावर फेसबुकवर कडक पोस्ट लिहिली होती. म्हणजे चेहरा पाहिजे, तोंड उघडलेलं नको. मग जून २०२० आला, अमेरिकेत पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड ह्या कृष्णवर्णीय माणसाचा खून झालेला, सगळ्या ब्रँडांनी इन्स्टाग्रामवर काळे चौकोन टाकले, लॉरियालनंही आम्ही कृष्णवर्णीयांच्या बाजूनं आहोत अशी पोस्ट टाकली. मनरोनं सगळ्यांसमोर विचारलं, मग मला का फेकून दिलं होतं? तेव्हा कंपनीच्या नव्या प्रमुख तिच्याशी बोलल्या, माफी मागितली आणि तिला ब्रिटनमधल्या विविधता सल्लागार मंडळावर घेतलं. माझ्या मते कामाचा भाग हा शेवटचा. पोस्टरवर नाही, मंडळावर. जिथं ठरवतात तिथं.

त्याच वर्षी अरोरा जेम्स नावाच्या डिझायनरनं दुकानदारांकडं सरळ हिशोब मागितला, अमेरिकेत कृष्णवर्णीय लोक साधारण पंधरा टक्के आहेत तर तुमच्या मांडणीवरचा पंधरा टक्के माल कृष्णवर्णीयांच्या धंद्यांचा ठेवा. मला हे फार आवडतं, भावनेचं काहीच नाही, फळीवर जागा दे एवढंच.

तर तुम्ही असं करा. शोस्टॉपर ठेवा, पैसे देऊन ठेवा, आणि शेजारी जे नवरात्राचे स्टॉल लावताय त्यातला एक ट्रान्स बायकांना द्या, डिपॉझिट न घेता. साड्या नेसवून द्यायचा, मेंदीचा, कशाचाही, त्यांना काय येतं ते त्यांनाच विचारा. आणि पुढच्या वर्षीच्या मीटिंगला त्या ताईंना खुर्ची. तेवढं जमत नसेल तर शाल तुमच्या अध्यक्षांनाच घाला, त्यांना सवय आहे.

तासगाव, वय २२: ताई, मी ट्रान्स आहे, सावळी आहे, म्हणजे चांगलीच काळी आहे. मला मॉडेल व्हायचंय. एका एजन्सीनं फोटो बघून सिलेक्ट झालीस म्हणून सांगितलं आणि पोर्टफोलिओचे पंचेचाळीस हजार मागितलेत. आईनं बचत गटातून कर्ज काढते म्हणून सांगितलंय. भरू का? आणि माझ्यासारखीचं काही होतं का खरंच?

नको भरू. आईला आज संध्याकाळच्या आत सांग कर्ज काढू नकोस. खरी एजन्सी तुला काम मिळवून देते आणि त्या कामाच्या पैशातून आपलं कमिशन कापून घेते, आधी पैसे मागत नाही. सिलेक्ट झालीस, आता भर, हे वाक्य कुणीही म्हटलं की फोन ठेवायचा.

पहिल्यांदा फक्त साधे फोटो लागतात, त्यांना डिजिटल्स म्हणतात. साधा बनियनसारखा टॉप, जीन्स, केस बांधलेले, मेकअप नाही, फिल्टर नाही, खिडकीच्या उजेडात, समोरून, बाजूनं, पाठीमागून, आणि चेहरा जवळून. खाली उंची आणि मापं खरी खरी. मैत्रिणीच्या मोबाईलवर फुकट होतं. शूटला एकटी जायचं नाही, कुणाला तरी लोकेशन पाठवून जायचं, आणि काम, पैसे, फोटो कुठं वापरणार हे लिहून घ्यायचं. तुझं वापरातलं नाव आणि बँकेतलं नाव वेगळं असेल तर कागदावर दोन्ही टाक, नाहीतर पेमेंटच्या वेळेला घोळ घालतात.

काही होतं का विचारतेस. होतं, पण खोटं गोड सांगणार नाही, थोड्या जणींचंच होतं. नेपाळची अंजली लामा २०१७ ला लॅक्मे फॅशन वीकला चालली, तिथली पहिली ट्रान्स मॉडेल. आपल्या मुंबईची सायशा शिंदे, डिझायनर, जानेवारी २०२१ ला तिनं जाहीर केलं की मी ट्रान्स बाई आहे आणि त्याच डिसेंबरला हरनाझ संधू जो गाऊन घालून मिस युनिव्हर्स झाली तो सायशानं केलेला. तिकडं एरॉन फिलिप आहे, कृष्णवर्णीय, ट्रान्स, व्हीलचेअरवर, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये वाढलेली, स्वतःचे फोटो ऑनलाइन टाकत राहिली आणि २०१८ ला एलीट एजन्सीनं तिला घेतलं. सतरा वर्षांची होती.

बघ ह्यात सायशा मॉडेल नाही. रॅम्पवर जागा चार, पडद्यामागं चाळीस. मेकअप, केस, साडी नेसवणं, स्टायलिंग, ते पण शीक, रॅम्पचं स्वप्न सोडून नव्हे, त्याच्या जोडीला. मेकअपचं तर मुद्दाम सांगते, कृष्णवर्णीय मॉडेल वर्षानुवर्षं स्वतःचं फाउंडेशन पर्समध्ये घेऊन शोला जात आल्यात कारण मेकअपवाल्याकडं त्यांची शेडच नसायची. २०१७ ला गायिका रिहानानं फाउंडेशनच्या एकदम चाळीस शेड काढल्या तेव्हा बाकीच्या कंपन्यांना जाग आली. तू पण स्वतःची शेड स्वतः जवळ ठेव, दोन मिक्स करून लागत असेल तर कुठल्या दोन ते लिहून ठेव. आपल्याकडच्या पार्लरमध्ये अजून 'दोन शेड उजळ' हाच हिशोब आहे, तुला राखाडी करून सोडतील.

नोकरीत ट्रान्स म्हणून भेदभाव करायला २०१९ च्या कायद्यानं मनाई आहे आणि त्याच्या आधी २०१४ ला सुप्रीम कोर्टानं नालसा नावाच्या खटल्याच्या निकालात तुझी ओळख तू ठरवायची हे मान्य केलं. पाकिटात ठेवायला उपयोगी आहे, भांडायची वेळ आली तर.

आणि आई कर्ज काढायला तयार झाली म्हणतेस. माझ्याकडं ट्रान्स पोरींची जेवढी पत्रं येतात त्यात आईचं असं वाक्य पहिल्यांदा वाचलं. तिला माझा नमस्कार सांग.

जत, फोटोग्राफर: मॅडम, सावळ्या लोकांचे फोटो काढले की चेहरा एकतर काळाठिक्कर येतो नाहीतर एडिटमध्ये पांढराफटक. मागं एका ट्रान्स ताईंचं शूट केलं, त्यांना एकही फोटो आवडला नाही. चूक कॅमेऱ्याची का माझी?

थोडी दोघांची. रंगीत फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला एक कार्ड असायचं, कोडॅकचं, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो, शर्ली कार्ड म्हणायचे. तिची कातडी बरोबर आली म्हणजे फोटो बरोबर, बाकीच्यांचं काही का येईना. गंमत अशी सांगतात की ते सुधारायला कंपनीला भाग पाडण्यात चॉकलेटवाल्या आणि लाकडी फर्निचरवाल्या कंपन्यांचा वाटा होता, त्यांचा तपकिरी माल नीट दिसेना म्हणून! माणसांआधी कपाटांची दाद लागली.

आता तुझ्यापुरतं. मागं पांढरा पडदा लावून ऑटोवर काढतोस ना, कॅमेरा पडदा बघून उजेड कमी करतो आणि चेहरा बुडतो. एक्स्पोजर चेहऱ्यावर ठेव, थोडं वाढव. समोरून थेट फ्लॅश मारू नकोस, बाजूनं मऊ उजेड घे, दुसऱ्या बाजूला थर्मोकोल धर. सावळ्या कातडीचं सौंदर्य तिच्या चकाकीत असतं, पावडर चोपडून ती मारू नकोस, उलट थोडं मॉइश्चरायझर लाव. आणि एडिटला रंगाच्या बटणाला हात लावायच्या आधी समोरच्याला विचार.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या शिवणक्लासच्या जाहिरातीचा ग्रुप फोटो होता, मी स्वतः एका सावळ्या पोरीला मागच्या ओळीत उभं केलं, उंच आहेस म्हणून मागं जा असं सांगितलं. ती उंच नव्हती. तिला कळलं, मलाही कळलं तिला कळलंय. ती पोर क्लासमध्ये सगळ्यात चांगली शिवायची. तो फोटो अजून माझ्याकडं आहे.

कराड, व्हॉइस नोटवाले काका (थोडक्यात लिहून काढलंय): नदीला पूर येतो, उसाचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि तुम्ही अमेरिकेतल्या काळ्या तृतीयपंथी बायकांच्या फॅशनचं काय घेऊन बसलाय?

काका, शिवणाच्या सदरात उसाचं लिहिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता ह्या बाईला काय कळतंय. आणि पोरांना नोकऱ्या नाहीत म्हणताय, तर ही पण नोकरीचीच गोष्ट चाललीय ना, पोरगी कामाला चांगली आहे, काम पण आहे, पण तिला द्यायचं नाही म्हणतात. पूर आला तेव्हा मदतीच्या रांगेत तृतीयपंथी लोक कुठं उभे होते, बायकांच्या का पुरुषांच्या, हे कधी बघितलंत का? मीही नव्हतं बघितलं. पुढच्या व्हॉइस नोटमध्ये एक मिनिट त्याच्यावर बोला, छापते.

विटा, गृहिणी: ताई बाकी सगळं राहू दे, त्या ट्रेसीच्या खोक्यावर रंग कुठला होता तेवढं सांगा.

डार्क ऑबर्न, नंबर ५१२. म्हणजे गडद तपकिरी, उन्हात गेलं की तांबूस झाक मारणारा. ते खोकं आता शोधू नका. मेंदी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, चमचाभर काथ आणि थोडा बिटाचा रस घाला, दीड तास ठेवा, त्याच्या बराच जवळ जातं. पांढरे केस जास्त असतील तर मात्र लालभडक होईल, आधी कानामागची एक बट करून बघा.